खांदा पुन्हा पुन्हा सटकतो : व्यायाम करूनही का, आणि आता काय करायचं

खांदा एकदा निखळला, डॉक्टरांनी बसवला, तीन आठवडे हात गळ्यात, मग फिजिओकडे दहा-बारा खेपा. दुखणं गेलं. चार महिन्यांनी गच्च भरलेल्या कदंबच्या बसमध्ये वरचा दांडा धरून उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि खांदा पुन्हा जागचा हलला. या तक्रारीवर सहसा एकच उत्तर मिळतं : ‘व्यायाम कमी पडला.’ कधी ते खरं असतं, बऱ्याचदा अर्धवट असतं. खांदा पुन्हा सटकण्याची पाच-सहा वेगवेगळी कारणं आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. रबरी पट्टा ओढून झिजलेलं हाड भरून येत नाही, तसंच मुळात सैल सांध्यांच्या माणसाला घाईने ऑपरेशन टेबलावर घेऊन फारसं साधत नाही. म्हणून आधी तुमचा खांदा नेमका कसा सटकतो ते शोधा. व्यायाम त्यानंतर.

आत्ता या घडीला निखळलेला असेल तर

ओढू नका, कोणाला ओढू देऊ नका. हात ज्या स्थितीत कमी दुखतो त्या स्थितीत उशीने किंवा दुसऱ्या हाताने आधार द्या, ओढणी किंवा पंचा बांधून छातीशी धरून ठेवा. अंगठी आणि घड्याळ लगेच काढा, नंतर सूज आली की निघत नाहीत. बोटं हलतात का, हात गार किंवा पांढरा पडलाय का, दंडाच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढ्या जागेत स्पर्श कळतो का, हे पाहा आणि डॉक्टरांना सांगा. काही खाऊ-पिऊ नका, बसवताना गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं. हात गार पडला असेल तर थांबू नका, 108 ला फोन करा. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) असो की म्हापसा, मडगावचं जिल्हा रुग्णालय, बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर असे दोन्ही एक्स-रे झाले पाहिजेत. पहिल्यात हाड मोडलंय का ते कळतं, दुसऱ्यात सांधा खरंच बसला का ते.

हाडवैद्याकडे नेऊन ‘कट्ट’ करून घेण्याची पद्धत अजून गावोगाव आहे. दंडाच्या हाडाला चीर असेल तर तो एक झटका साधं निखळणं शस्त्रक्रियेच्या केसमध्ये बदलतो. स्वतःच भिंतीला रेटून बसवणाऱ्या तरुणांनाही हेच. दर वेळी दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या खोबणीच्या काठावरून घासत आत-बाहेर जातो आणि थोडं हाड घेऊन जातो. सातवी-आठवी वेळ पहिल्यापेक्षा ‘सोपी’ वाटते ती याचमुळे, खांदा सरावला म्हणून नव्हे.

आत काय बिघडलेलं असतं

खांद्याची खोबण उथळ असते, चमच्यावर ठेवलेल्या लिंबासारखा गोळा तिच्यावर बसतो. त्या चमच्याला काठाने एक रबरी कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. हात डोक्याच्या पातळीला वर आणि मागे वळलेला असताना धक्का बसला की गोळा पुढे-खाली निसटतो. निखळणाऱ्या खांद्यांपैकी साधारण 95 टक्के असे पुढच्या बाजूलाच जातात. निसटताना तो पुढची कड हाडापासून उचकटून नेतो. या जखमेला बँकार्ट लीजन हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या ब्रिटिश सर्जननी ती 1923 मध्ये मांडली होती. त्याच वेळी गोळ्याची मागची बाजू खोबणीच्या टणक काठावर आपटून तिथे खड्डा पडतो, तो हिल-सॅक्स.

कड आपल्या जागी चिकटली तर ठीक. थोडी खाली घसरून चिकटली तर खांदा दुखत नाही, पण सैल राहतो. पुढे सगळा घोळ या एका गोष्टीमुळे होतो, कारण दुखणं हे मोजमाप म्हणून इथे कामाचं नाही.

वयाचाही हिशेब आहे. विशीच्या आतल्या, धक्काबुक्कीचे खेळ खेळणाऱ्या मुलांत पहिल्या वेळेनंतर निम्म्याहून अधिक जणांचा खांदा पुन्हा सटकतो, बहुतेकांचा पहिल्या दोन वर्षांत. चाळिशीनंतर पुन्हा सटकण्याची भीती कमी, पण स्नायूंचे दोर तुटण्याची आणि खांदा जखडण्याची जास्त. त्यामुळे अठरा वर्षांच्या गोलकीपरला दिलेला व्यायामाचा कागद त्याच्या वडिलांनी वापरू नये.

कसा सटकतो, ते लिहून काढा

फिजिओकडे किंवा सर्जनकडे जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहा : किती वेळा सटकला, दर वेळी हात कुठे होता, किती जोर लागला, आपोआप बसला की दवाखान्यात बसवावा लागला, बसल्यावर किती दिवस दुखला. दुसरा खांदा कधी सटकला का? कधी फिट आली होती का, विजेचा शॉक बसला होता का? या कागदावरून निम्मं निदान होतं.

फक्त जोराच्या धक्क्याने, हात वर-मागे असताना सटकतो : कड फाटलेली, हाड बहुधा ठीक. झोपेत कूस बदलताना, गाडीत मागच्या सीटवरची पिशवी घेताना, शर्टात हात घालताना सटकतो : हाड झिजल्याचा संशय घ्या. कुठल्याच मोठ्या इजेविना, दोन्ही खांदे, वेगवेगळ्या दिशांना सरकतात : सांधे मुळात सैल. हात पोटाशी वळून अडकला आहे, बाहेर फिरतच नाही, आणि आधी फिट किंवा शॉक होता : खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये हा अनेकदा सुटतो, बाजूने किंवा काखेतून काढलेली फिल्म मागून घ्या. फिटमुळे सटकत असेल तर आधी फिटवर औषध बसवायला हवं. त्याशिवाय पट्ट्याचे व्यायामही टिकत नाहीत आणि टाकेही.

तिसरा ते बारावा आठवडा : बहुतेक खांदे इथेच बिघडतात

सूज उतरते आणि दुखणं थांबतं ते साधारण दोन-तीन आठवड्यांत. सांध्याच्या फाटलेल्या आवरणाला आणि कडेला ताण सोसण्याइतकी ताकद यायला सहा ते बारा आठवडे लागतात. स्नायूंना वेळेवर आवळायची सवय यायला त्याहून जास्त. म्हणजे दुखणं गेल्यापासून खांदा खरोखर तयार होईपर्यंत दोन-अडीच महिन्यांची फट राहते. या फटीत माणसाला वाटतं आपण बरे झालो. चवथीला माटोळी बांधायला स्टुलावर चढायचं, सांजावला विहिरीत उडी घ्यायची, आषाढात माशेलच्या चिखलकाल्यात घसरायचं, पावसाळी फुटबॉलला ‘फक्त अर्धा तास’ उतरायचं, सगळं याच फटीत बसतं.

विहिरीतली उडी खास वाईट. हात वर असताना पाण्यात आपटलं की पाण्याचा तडाखा काखेखालून दंड वर-मागे ढकलतो, म्हणजे खांदा काढायची अगदी हवी ती दिशा. आणि पाण्यात खांदा निखळला तर एका हाताने पोहून काठ गाठावा लागतो.

फटीत काय करायचं, ते ढोबळ मानाने असं. शस्त्रक्रिया न झालेल्या, हाड न मोडलेल्या, पुढे सटकलेल्या खांद्यासाठी :

पहिले 1 ते 3 आठवडे स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी. चाळिशीपुढे एका आठवड्याच्या आसपास, तरुणांत तीनपर्यंत. याहून जास्त बांधून ठेवल्याने पुन्हा सटकणं कमी होत नाही, फक्त खांदा आखडतो. या काळात जागेपणी दर तासाला बोटं, मनगट, कोपर दहा-दहा वेळा हलवा. कंबरेत वाकून हात लोंबता ठेवून लहान घड्याळी फेरे मारा, दिवसातून तीन वेळा, एकेक मिनिट. हात अंगाशी ठेवून भिंतीवर किंवा दुसऱ्या तळव्यावर हलकासा दाब बाहेर, आत आणि मागे द्या : 5 सेकंद, 10 वेळा, आपल्या ताकदीच्या पावपट जोराने. दुखलं तर जोर कमी करा.

3 ते 6 आठवडे : स्लिंग सुटते. टेबलावर फडका ठेवून हात पुढे सरकवा, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुसऱ्याला वर न्या, आधी खांद्याच्या पातळीपर्यंत, मग हळूहळू त्याच्या वर. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवणं 30 अंशांपर्यंतच. हात बाजूला उचलून शिवाय बाहेर फिरवणं, म्हणजे बसचा दांडा धरायची स्थिती, पूर्ण बंद.

6 ते 12 आठवडे : पूर्ण हालचाल, रबरी पट्टा, भिंतीवरचे जोर, मग गुडघ्यांवरचे. 12 नंतर डोक्याच्या पातळीवरची कामं, फेकणं, झेलणं. धक्क्याचे खेळ 4 ते 6 महिन्यांनी, तेही खाली दिलेल्या चाचण्या पार झाल्या तर.

स्लिंगबद्दल एक-दोन गोष्टी, कारण निम्म्या लोकांनी ती चुकीची बांधलेली असते. कोपर पिशवीच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण बसलं पाहिजे आणि मनगट कोपरापेक्षा किंचित वर हवं. मनगट बाहेर लोंबत असेल तर हात सुजतो. पट्टा मानेच्या हाडावर रुतत असेल तर मान दुखते आणि लोक खांदा वर उचलून धरतात, तो मग उतरतच नाही. आपल्याकडच्या दमट हवेत काखेत दोन दिवसांत पुरळ येतं. आंघोळीला स्लिंग काढून पुढे वाका, हात आपसूक लोंबू द्या, काखेत पाणी घाला, नीट टिपून कोरडं करा आणि सुती कापडाची घडी ठेवा. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. रात्री पाठीवर झोपा, कोपराखाली आणि दंडाखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे कोपर गादीत मागे पडणार नाही.

पट्ट्याचा व्यायाम : दिसतो सोपा, चुकतो सगळ्यांचा

खांदा बाहेर फिरवणारे स्नायू गोळ्याला मागे धरून ठेवतात, म्हणून हा व्यायाम प्रत्येकाच्या कागदावर असतो. तो दहापैकी आठ जण असा करतात की काम भलताच स्नायू करतो.

दीड मीटरचा पट्टा घ्या. एका टोकाला गाठ मारून ती दाराच्या फटीत कोपराच्या उंचीवर अडकवा आणि दार लावून कडी घाला, किंवा खिडकीच्या गजाला बांधा. चांगली बाजू दाराकडे करून आडवे उभे राहा. मुठीएवढ्या जाडीची टॉवेलची गुंडाळी कोपर आणि बरगड्यांमध्ये धरा. कोपर काटकोनात, शर्टाच्या बाजूच्या शिवणीपेक्षा दोन बोटं पुढे, पंजा पोटावर. आता हात बाहेर न्या, सुरुवातीला मनगट कोपराच्या सरळ समोर येईपर्यंतच. दोन सेकंद बाहेर, एक सेकंद थांबा, परत येताना तीन ते चार सेकंद. 12 ते 15 वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

टॉवेल पडला तर समजा कोपर अंगापासून सुटलं आणि बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू काम हिसकावतोय. मनगट मागे मोडत असेल तर काम पुढच्या हाताचे स्नायू करतायत. छाती वळतेय? पट्टा जड आहे, एक रंग खाली या. बहुतेक कंपन्यांत पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा या क्रमाने जोर वाढतो. खांदा कानाकडे चढतोय? तीच गोष्ट. आणि सगळ्यात मोठी चूक : बाहेर नेताना नेटाने, परत येताना पट्टा सोडून देणं. खांदा सटकण्याच्या क्षणी या स्नायूंना ओढायचं नसतं, ब्रेक लावायचा असतो. ते शिक्षण परतीच्या चार सेकंदांतच होतं. तीन फेऱ्या 15 अशा लागोपाठ दोन खेपांना स्वच्छ जमल्या की पुढचा रंग घ्या.

खांद्याच्या पुढच्या भागात दुखत असेल तर कोपर अंगाच्या मागे गेलंय, पुढे घ्या. समुद्राची हवा आणि ऊन पट्ट्याला चिरा पाडतात. गाठीजवळ ताणून बारीक भोकं दिसतात का ते पाहा, तुटलेला पट्टा सरळ डोळ्यावर येतो. टाल्कम पावडर लावून सावलीत ठेवला की जास्त टिकतो.

पट्टा निळ्यापर्यंत गेला, तरी हात वर नेला की भीती वाटते

ही तक्रार ऐकली की विचारायचं : हा व्यायाम कोपर अंगाशी ठेवूनच चाललाय का? उत्तर बहुधा ‘हो’. अंगाशी कमावलेली ताकद डोक्याच्या पातळीवर आपोआप चालत नाही. खांदा सटकतो तिथे कधी तालीमच झाली नाही, मग मेंदू घाबरणारच.

दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून पायऱ्या अशा. दंड 45 अंशांवर, कोपर टेबलावर टेकवून, दंड अगदी बाजूला नाही तर 30 अंश पुढे आणलेला, तिथे पट्टा. मग तेच 90 अंशांवर, आधी आधाराने, मग आधाराविना. मग भिंतीवर फुटबॉल तळव्याने दाबून धरायचा आणि डोळे मिटून लहान गोल फिरवायचे, 30 सेकंद तीन वेळा. मग भिंतीवर हलका चेंडू आपटून झेलणं. शेवटी अचानकचा धक्का : हात 90 अंशांवर धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने मनगटाला न सांगता, हलकेच, वेगवेगळ्या दिशांना टिचक्या मारायच्या. भीती म्हणजे ‘आता निघेल’ असं वाटणं, दुखणं वेगळं. भीती वाटली की एक पायरी खाली. दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत राहिलं तर फेऱ्या निम्म्या.

पुढची बाजू मोकळी करायची म्हणून दाराच्या चौकटीत हात अडकवून छाती ताणणं तरुण, सटकत्या खांद्याला देऊ नये. तिथला सैलपणा हाच तर मूळ रोग आहे.

मागचा फरा (खोबण ज्याचा भाग आहे ते पाठीचं चपटं हाड) पंखासारखा उठतो

शर्ट काढून आरशाकडे पाठ करा, मोबाईलवर व्हिडिओ घ्या, हात पुढून वर नेऊन हळू खाली आणा, पाच वेळा. खाली येताना फऱ्याची कड उठत असेल तर चमचाच हलतोय, लिंबू स्थिर कसं राहणार? भिंतीवरच्या जोराच्या शेवटी, कोपर सरळ असतानाच पाठ किंचित गोल करून भिंत दूर ढकलायची, दोन सेकंद धरायची : 15 वेळा, तीन फेऱ्या. जोडीला पट्टा दाराला बांधून कोपर मागे ओढणं, पण कोपर अंगाच्या रेषेवर थांबवायचं. भिंत ढकलताना फरा ठळकपणे, सतत उठत असेल आणि सहा आठवड्यांत फरक नसेल तर मज्जातंतू तपासून घ्या.

खांदा सटकत नाही, पण उघडतही नाही

चाळिशीनंतर आणि मधुमेहात हे जास्त. कोपर अंगाशी ठेवून दोन्ही हात बाहेर फिरवा. दुसरी व्यक्ती तुमचा हात हळू फिरवत असतानाही तो चांगल्या बाजूच्या निम्म्यापाशी घट्ट अडकत असेल तर ती जखडण आहे. आपण फिरवलं तर अडतो पण दुसऱ्याने धीराने फिरवला तर जातो, ती भीतीची आवळण. जखडणीला दिवसातून तीन-चार वेळा, दर खेपेला पाच मिनिटं, गरम शेकानंतर काठीने हलके ताण. जोराने मोडून काढायचं नाही, तसं केलं की आठवडाभर जास्त आखडतो.

तीन आठवडे झाले, हात उचलतच नाही

हे वाट पाहायचं प्रकरण नाही. दोन शक्यता. चाळिशीनंतर रोटेटर कफचे, म्हणजे गोळ्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे, दोर तुटलेले असू शकतात : दुसऱ्याने उचलून दिलेला हात धरून ठेवता येत नाही, पडतो. सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या, कारण तुटलेला दोर महिनोन्‌महिने मागे सरकत जातो आणि नंतर शिवायला कठीण होतो. दुसरी शक्यता डेल्टॉइडच्या मज्जातंतूची : दंडाच्या बाहेर बधीर, खांद्याची गोलाई सपाट होत चाललेली. हा तंतू बहुतेकदा ताणलेला असतो, तुटलेला नाही, आणि काही महिन्यांत परत येतो. तीन-चार आठवड्यांनी ईएमजी (स्नायू आणि मज्जातंतूंची विद्युत तपासणी) करता येते. तीन महिन्यांत काहीच परत आलं नाही तर तंतूच्या सर्जनकडे जायला हवं.

झोपेतही सटकतो

इथे व्यायामाचे रंग मोजत बसू नका. सीटी स्कॅन करून खोबणीचं हाड किती गेलंय ते पाहावं लागतं. एमआरआय कड दाखवतो, हाडाचा हिशेब सीटीत कळतो. खोबणीच्या रुंदीच्या 20-25 टक्क्यांहून अधिक हाड गेलं असेल तर नुसती कड शिवून भागत नाही, खांद्याच्या पुढच्या कोराकॉइड हाडाचा तुकडा स्नायूसकट खोबणीच्या काठावर आणून बसवतात. फ्रेंच सर्जन लातार्जे यांनी 1954 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. त्याहून कमी झीज असली तरी फुटबॉल, कबड्डी खेळणाऱ्यांत सर्जन तिचा विचार करतात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तारीख घेण्याआधीच रुग्णालयाच्या योजनेच्या काउंटरवर ही शस्त्रक्रिया त्यात बसते का ते विचारा, नंतर नाही.

अंगच ढिलं असेल तर

करंगळी मागे काटकोनात मोडते, अंगठा मनगटाला टेकतो, कोपर आणि गुडघे उलटे वाकतात, उभ्याने पूर्ण तळवे जमिनीला लागतात : यांची गणना नऊपैकी गुणांत होते, बेटन स्कोर म्हणतात. गुण जास्त आणि मोठी इजा नाही, तर पहिला इलाज फिजिओथेरपी, तीही सलग तीन ते सहा महिने. आठवड्याला दोन पाळ्या नव्हे, रोज थोडं-थोडं. आणि मित्रांना ‘बघ, खांदा काढून दाखवतो’ हा खेळ आजपासून बंद. मेंदू ते कौशल्य म्हणून शिकतो, आणि मग ते विसरवणं हे सगळ्यात चिवट काम.

टाके घातल्यानंतर

सर्जनचा कागद वरच्या सगळ्यापेक्षा मोठा. साधारण कड शिवल्यावर स्लिंग 4 ते 6 आठवडे आणि बाहेर फिरवणं सहाव्या आठवड्यापर्यंत मर्यादित. हाडाचा तुकडा बसवला असेल तर पहिले सहा आठवडे कोपर वाकवून वजन उचलणं बंद, कारण दंडाचा तो स्नायू त्याच तुकड्याला लटकलेला असतो. हाड सांधल्याचं चित्र पाहिल्याशिवाय जड काम नाही. विडी-सिगारेट हाड सांधणं लांबवते, त्यामुळे ‘फक्त दोन ओढतो’ हेही सर्जनला सांगा. ताप किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी दाखवा. धक्क्याचे खेळ सहा महिन्यांच्या आधी नाहीत.

परत कामावर, मैदानावर : तारीख नाही, आकडा

सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या. बारा आठवड्यांनंतर स्टुलावर बसून, कोपर अंगाशी आणि टॉवेलची गुंडाळी लावून, काटा दोरीने खिडकीच्या गजाला बांधा आणि मनगटात फडक्याचा फास घालून हात बाहेर ओढा. झटका नाही, दोन सेकंदांत जोर वाढवून तीन सेकंद धरायचा. तीन वेळा, मध्ये एक मिनिट, सरासरी काढा. मग दुसरा हात. दुखरा हात दुसऱ्याच्या 90 टक्के ओढतो का? चांगला हात 9 किलो ओढत असेल तर दुखऱ्याचे किमान 8.1 यायला हवेत. मग दिशा उलटी करून आत ओढा. बाहेरचा आकडा आतल्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश हवा. बाहेरचा कमी भरला तर छातीच्या व्यायामाला सुट्टी.

दुसरी चाचणी : फरशीवर 91 सेंटिमीटर, म्हणजे 36 इंचांवर दोन चिकटपट्ट्या. जोर मारायच्या (पुश-अपच्या) स्थितीत दोन्ही हात पट्ट्यांवर, आळीपाळीने एका हाताने दुसऱ्याला स्पर्श करून परत. 15 सेकंदांत 21 स्पर्श पुरुषांसाठी चांगला आकडा मानतात, स्त्रिया ही चाचणी गुडघे टेकून करतात. मोजताना खांदा ‘निघेल’ असं वाटलं तर आकडा कितीही आला तरी नापास.

जिममध्ये एक नियम पुरतो : व्यायाम करताना आपलं कोपर आपल्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं पाहिजे. न दिसणारं कोपर अंगाच्या मागे गेलेलं असतं. मानेमागचा प्रेस, मानेमागचं पुलडाउन, डिप्स आणि खोल बटरफ्लाय याच एका नियमात बाद होतात. बेंच प्रेस करायचाच असेल तर पकड अरुंद आणि छातीवर टॉवेलची जाड गुंडाळी, बार तिथेच थांबेल.

स्कूटर चालवण्यापेक्षा ती मेन स्टँडवर चढवताना आणि पार्किंगमधून मागे ओढताना खांद्याला जास्त झटका बसतो. साईड स्टँड वापरा. चालवायला साधारण सहा आठवड्यांनी, दोन्ही हातांवर अंगाचा भार टाकून जोराची स्थिती दहा सेकंद बिनधास्त धरता येत असेल तर, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. कारण खड्ड्यात ब्रेक मारला की अंगाचा भार हातांवरच येतो. बसमध्ये वरच्या दांड्याऐवजी सीटच्या पाठीचा कडा धरा, कोपर वाकलेलं ठेवून. पोहायला ब्रेस्टस्ट्रोकने सुरुवात, मग फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक सगळ्यात शेवटी. रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) दोर ओढायचा असेल तर तो कंबरेच्या पातळीला, दोन्ही कोपरं अंगाजवळ. लाटेचा झटका आला तर दोर सोडायचा, खांद्याने अडवायचा नाही. पाडेल्यांचं, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्यांचं, काम यादीत शेवटचं : एक हात डोक्यावर माडाला धरलेला, दुसऱ्यात कोयता, पाय निसरड्या खोडावर. तिथे खांदा सटकला तर हिशेब पडण्याचा असतो. काट्याची आणि चिकटपट्ट्यांची चाचणी दोन वेळा, एका आठवड्याच्या अंतराने, पार झाल्याशिवाय माडावर चढू नये.